पाठमोरा

डाव्या बुटाचं टोक घासलेलं होतं. उजव्याचं नाही – उजवा तसा बरा होता, टाचेकडून थोडा झिजलेला, जसा झिजायला हवा तसाच. पण डाव्याच्या टोकाचं रबर पार आतल्या कापडापर्यंत खरवडून निघालं होतं, आणि तो दाराशी उकिडवा बसून त्या जागेवरून पुन्हापुन्हा अंगठा फिरवत होता. नव्या माणसाचे बूट तो नेहमी आधी बघायचा, चेहरा मागाहून. जिममध्ये येणाऱ्यांना वाटायचं, सर काय नम्र आहेत, मान खाली घालून बोलतात… टोक घासतं म्हणजे पाऊल पुरतं उचललं जात नाही. आणि आपल्या दहा वर्षांच्या मुलीचं पाऊल पुरतं उचललं जात नाही म्हणजे – त्याने बूट खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

“परत बूट?” बायको दवाखान्यात निघाली होती. ती दातांची डॉक्टर; केस वर बांधले की तिचा आवाजही वर जायचा.

“तिच्या पायात काहीतरी आहे.”

“तिच्या पायात काही नाही. तुझ्या डोक्यात आहे.”

“उद्याची वेळ घेतलीय, हाडांच्या डॉक्टरांची.”

“घे की. मी कुठे नको म्हणतेय? पण मी कुणाच्या घरी जेवायला गेले तर दात मोजत बसते का?”

“बसतेस,” तो म्हणाला. ती हसली, पण थांबली नाही; जिन्यावर तिची पावलं सारख्या वजनाने उतरत गेली. बायकोच्या चालीत कधीच काही खोट सापडली नव्हती, आणि लग्नाआधी त्याला ती आवडली त्यात याचा किती वाटा होता हे त्याने तिला आजवर सांगितलेलं नव्हतं.

मुलगी शाळेला गेली होती. जाताना दुसरे, काळे बूट घालून गेली, आणि तो पेपर धरून तिच्याकडे बघत असताना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी गेली की जणू गुडघे कुणाचे तरी उसने आणलेत. खांदे वर, हात अंगाला चिकटलेले, पाऊल सपाट आपटत. गेले काही आठवडे हे असंच चाललं होतं. हीच मुलगी लहानपणी सोफ्याच्या पाठीवरून खिडकीच्या कट्ट्यावर आणि तिथून थेट माझ्या मानेवर… घरात सगळे तिला खारूताईच म्हणायचे. पाहुण्यांसमोर तो मोठ्या दिमाखात सांगायचा, बघा, शिकवावं लागलं नाही, तोल उपजतच आहे. आता तिला खारूताई म्हटलं की ती फक्त मान वळवून बघायची आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

कुठून सुरू झालं? तिची उंची वाढतेय, तेव्हा कंबर की घोटा? की वर, आणखी वर, मणक्यात, मेंदूत… तिथे पोचलं की त्याचं मन घाईने परत खाली यायचं, घोट्याशी. घोट्याचं काही असेल तर मी बरं करेन. इतक्या लोकांचं केलंय.

सकाळचे पहिले गिऱ्हाईक बँकेतले साहेब. ते वजनं कमी उचलायचे आणि मुलाबद्दल जास्त बोलायचे. मुलाला त्यांनी पावलं मोजणारं घड्याळ घेऊन दिलं होतं, आणि रोज रात्री आकडा बघून शाबासकी द्यायचे. आकडा झकास वाढत होता. पोरगा मात्र होता तसाच, गोल.

“काल कळलं,” साहेब मॅटवर आडवे पडून छताला सांगावं तसं सांगत होते, “घड्याळ तो आजोबांच्या हाताला बांधतो. आजोबा फिरायला जातात. मोबदल्यात हा त्यांना गुपचूप बिस्किटं देतो. आमच्या वडिलांना साखर आहे हो.”

“म्हणजे आजोबांची तब्येत सुधारली असेल.”

“सुधारली होती. बिस्किटांनी परत बिघडवली.”

तो मोकळेपणाने हसला, आणि हसता हसता साहेबांच्या गुडघ्याला हाताने आधार देऊन पाय वर उचलायला लावला. त्या मुलाचं त्याला मनापासून कौतुक वाटलं होतं. काय डोकं चालवलंय. शरीर बसून, आणि डोकं कसं पळतंय. मग त्याला वाटलं, त्या मुलाने घड्याळ टाकून का दिलं नाही? कारण रात्रीची शाबासकी त्याला हवीच होती. ती बापाकडून यायची, आणि मिळवायला दुसरा रस्ता ठाऊक नव्हता…

मी लहान होतो तेव्हा मी धावायचो कसा? – हा प्रश्न त्याला आरशासमोर टॉवेलांच्या घड्या घालताना पडला आणि दुपारपर्यंत त्याने पिच्छा सोडला नाही. चांगला धावायचो की वाईट? गुडघे आत वळायचे का? कुणालाच माहीत नाही. आईला एवढंच हवं असायचं की अंधार पडायच्या आत घरी यावं, आणि वडील तर दिवसभर कामावर. त्याच्या धावण्याचा साक्षीदार असा कुणीच नव्हता. गल्लीतली पोरं होती, पण त्यांना कुठली उसंत, तीही धावतच होती. एवढं सगळं बालपण कुणी न बघता वाया गेलं, असं त्याला आजवर वाटत आलं होतं. चार गोष्टी वेळेवर सांगायला कुणी असतं तर मी कुठल्या कुठे पोचलो असतो. म्हणून तर मुलीच्या बाबतीत तो डोळ्यांत तेल घालून… पण आज पहिल्यांदाच त्या न बघितलेल्या धावण्याबद्दल त्याला हळहळ न वाटता नुसतं कुतूहल वाटलं. कसं असेल ते? वाऱ्याचं आठवतं, धाप लागल्याचं आठवतं, तोंडात येणारी लोखंडासारखी चव आठवते. पाय आठवत नाहीत.

दुपारी एक नव्या बाई आल्या, कमरेचं दुखणं घेऊन. नुकतीच कामाला लागलेली तरुण ट्रेनर शेजारी उभी राहून शिकत होती, तेव्हा तिला दाखवायला म्हणून त्याने आपली हुकमी युक्ती काढली. बाईंशी इकडचंतिकडचं बोलताना मध्येच घसा खाकरला आणि म्हणाला, “जरा ती कोपऱ्यातली पाण्याची बाटली देता का?” बाई गेल्या, वाकल्या, बाटली घेऊन परत आल्या, आणि तेवढ्यात त्याला त्यांचं सगळं कळलं होतं – कुठली बाजू राखतात, वाकताना श्वास कुठे अडतो, काय लपवतात.

बाई कपडे बदलायला गेल्यावर तो त्या ट्रेनर मुलीला म्हणाला, “कुणालाही कधी चालून दाखवा म्हणायचं नाही. म्हटलं की माणूस चालायचं विसरतो. त्याला कामाला लावायचं, आणि आपण बघायचं.”

“माहितीय सर.” ती हसत होती. “तुमच्या मुलीने सांगितलंय.”

“काय सांगितलंय?”

“शनिवारी इथे अभ्यास करत बसते ना ती, टॉवेलांच्या रॅकपाशी. मला म्हणाली, नवीन माणूस आला की बाबा बाटली मागतो. आणि म्हणाली, घरीपण मागतो. तेव्हा त्याला तहान लागलेलीच नसते.”

“आणखी काय म्हणाली?”

त्या ट्रेनरचं हसू आता जरा बिचकलं. आपण काही जास्त तर बोललो नाही ना, असं तिच्या मानेवरून दिसत होतं. “काही नाही सर. म्हणाली, आधी मला माहीत नव्हतं. मी धावत जायचे.”

बाई बाहेर आल्या. त्याने त्यांना कमरेचे दोन व्यायाम शिकवले, नीट शिकवले. मग आतल्या खोलीत जाऊन बाकावर बसला. धावत जायचे. जायचीच – स्वयंपाकघरातून ग्लास छातीशी धरून, अर्धं पाणी सांडत, आणि तो ग्लास घेताना तिच्या हाताकडे न बघता तिच्या घोट्यांकडे बघायचा, एक घोट प्यायचा, उरलेलं टेबलावर ठेवून द्यायचा. असे किती अर्धे ग्लास. आणि वर म्हणायचो, टाच आधी टेकव बाळा. मला वाटायचं, केवढी काळजी घेतोय मी.

म्हणजे पायात काही नाही. आनंदाने उडी मारावी अशी बातमी, आणि तो मात्र बाकावरून उठलाही नाही. घोट्यात काही निघालं असतं तर बरं झालं असतं, असा विचार त्याच्या मनात आला, चांगला स्पष्ट आला, आणि त्याची त्यालाच शरम वाटली. घोटा मला बरा करता आला असता. हाडांच्या डॉक्टरांकडची उद्याची वेळ रद्द करायला त्याने फोन काढला, नंबरही काढला… आणि तसाच ठेवून दिला. ती पोरगी नवी, ऐकण्यात काही कमीजास्त झालं असेल. बूट तर खोटा नव्हता. संध्याकाळचं काम तिच्यावर सोपवून तो लवकर निघाला. इतक्या उजेडी तो कधी घरी जात नसे.

इमारतीच्या फाटकाशी तो थांबला, कारण आत ती होती आणि तिने त्याला पाहिलं नव्हतं.

मैत्रिणीची स्कूटर होती तिच्याकडे, पायाने ढकलत चालवायची. उजवा पाय फळीवर, डाव्याने जमीन मागे लोटत ती भिंतीपर्यंत सुसाट गेली, आणि भिंत अगदी अंगावर आली तेव्हा डाव्या बुटाचं टोक जमिनीवर घासत, अंग मागे टाकत, एका हाताने केस सावरत वळली. बूट कसा झिजला ते एका वळणात कळलं. पण त्याचं तिकडे लक्षच राहिलं नाही. तिचं तोंड उघडं होतं, कसलं तरी गाणं चाललं होतं, आणि ते गुडघे, ती पाठ, तो तोल – आहे, सगळं आहे, होतं तसं आहे, फक्त माझ्यासमोर नाही. त्याला रडू येईलसं वाटलं. शिवाय त्याच वेळी त्याच्या ध्यानात आलं की वळताना तिची कंबर डावीकडे किंचित बाहेर जाते, आणि हे ध्यानात आल्याबद्दल त्याला स्वतःच्या डोळ्यांचा राग आला. ते मिटून घ्यावेत एवढंही त्याला सुचलं नाही.

तिने पाहिलं.

स्कूटर थांबली. ती उतरली. खांदे वर गेले, हात अंगाला चिकटले, आणि तीच मुलगी, तेच बूट, लाकडी पावलं टाकत त्याच्याकडे आली.

“लवकर आलास?”

“हो.”

“का?”

तो काय सांगणार होता? उद्याच्या डॉक्टरांचं सांगणार होता, बाटलीचं सांगणार होता, वाटेत शब्दही जुळवले होते. “सहजच,” तो म्हणाला.

तिची मैत्रीण, जिला सगळे चष्मिस म्हणायचे, लांब दोरीचं एक टोक फाटकाच्या गजाला बांधत होती. तिला असल्या अडचणींचं काही नव्हतं. “काका, तुम्ही फिरवा ना दोरी. आम्ही दोघीच आहोत. एकीला नुसतं उभं राहावं लागतं.”

त्याने मुलीकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. “चालेल का?”

तिने दोरीचं मोकळं टोक उचलून त्याच्या हातात दिलं. “चालेल. पण तोंड तिकडे करायचं.”

“अगं, मग दोरी कशी फिरवू?”

“तो तुझा प्रश्न.”

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हात मागे, जरा बाहेर काढून. अशा अवस्थेत कुणी गिऱ्हाइकाने बघितलं असतं तर पुन्हा आलं नसतं. दोरी आधी लटपटली, मग तिला लय सापडली, आणि मागे फरशीवर तिचा सपकारा ऐकू येऊ लागला. पावलं पडत होती. कुणाची? ही हलकी म्हणजे चष्मिस? की ही दमदार, टाचेवर न येणारी… कान टवकारले गेले, आणि त्याने ते मोठ्या कष्टाने सोडून दिलं. समोर भिंतीला पोपडे आले होते, एक मुंगी त्यातून वाट काढत होती. दोरी अडकली, हसणं झालं. “कोण आउट?” त्याने विचारलं, पण कुणी सांगितलं नाही. “फिरव,” एवढंच मागून आलं. कदाचित ती उड्या मारत असेल. कदाचित बाजूला उभीच असेल, काय माहीत. पण हाताला बरं वाटत होतं. हात आपला आपण फिरत होता, आणि कितीतरी वेळाने त्याच्या मनात कुणाचाच घोटा नव्हता.

“बाबा,” ती मागून म्हणाली. अगदी जवळून, शांतपणे. उड्या मारणाऱ्याचा श्वास नव्हता तो. “तुझा उजवा खांदा खाली जातो.”

त्याने खांदा चटकन वर घेतला. दोरीची लय गेली. कोपर जरा आत घेतलं तर दोरी जमिनीवर लोळली, बाहेर काढलं तर उंच गेली. मनगट किती वळवायचं, हे आता दर फेरीला स्वतःलाच विचारावं लागत होतं. मान ताठ झाली. दोन्ही पायांवर वजन सारखं आहे ना? पाठ कशी दिसतेय? हात तर मघापर्यंत स्वतःहून फिरत होता… ती उभी होती मागे, बघत होती, हे त्याच्या पाठीच्या कातड्याला कळत होतं. असं असतं होय हे. रोज, जेवायला बसताना, दात घासताना, दारातून आत येताना?

“नीट फिरव ना.”

मग तू बघू नकोस – हे त्याच्या अगदी ओठांपर्यंत आलं. त्याने ओठ मिटले. अंग आवळलेलंच होतं, कानशिलं तापली होती, आणि तरीही, नवल म्हणजे, तिला अजून काय काय दिसलंय ते जाणून घ्यायची त्याला उत्सुकता लागली होती. तो दोरी फिरवत राहिला, वेडीवाकडी, आणि ती पुढे काही बोलते का याची वाट बघत राहिला.