शेवगावच्या पाहुण्यांची गाडी

“सेल्फ मारू नका, पावणं!” भीमा ओसरीवरून ओरडला, पण मुलगी बघायला आलेल्या कल्याणने पुन्हा चावी फिरवलीच. गाडीने नुसते टक् केले.

केडगावात भीमाचे घर मागे आणि बॅटरी-वायरिंगचे दुकान पुढे. आज मुलीला, दिशाला, बघायला पाहुणे येणार म्हणून बायकोने शटर ओढून घेतले होते आणि नवऱ्याचे हात साबणाने घासून घेतले होते. पोहे झाले, पाहणी झाली. पसंतीचा शब्द निघायच्या आत पाहुण्यांच्या गाडीने राम म्हटला. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा भीमाला हातचा घालवायचा नव्हता. त्याने धुतलेले हात आनंदाने काळे केले.

“आईनंच वाट लावली,” कल्याण सगळ्यांसमोर म्हणाला. “पेढे घ्यायला उतरलो, तर ही रेडिओ लावून बसली. अक्कल म्हणून न्हाई.”

लंकाबाई पदर सावरत उन्हात उभ्या राहिल्या. दिशाने त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची टाकली.

भीमाने दारातल्या आपल्या टेम्पोच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू केली, वायरी काढल्या आणि गाडीच्या बॅटरीला मीटरच्या पिना टेकवल्या. “इंजिन चालू हाय, आकडा चौदा व्होल्टकडं जायला पायजे. ह्यो बारावरच अडलाय. आता लाईट लावा, पंखा लावा.” आकडा आणखी घसरला. भीमाला हायसे वाटले. होणाऱ्या विहीणबाई सुटल्या. “रेडिओचा काय संबंध न्हाई. अल्टरनेटरच बॅटरी चार्ज करंना. आईंचा दोष न्हाई.”

“तिची बाजू घेऊ नका. तिला कळतंय काय!” कल्याण म्हणाला आणि मोबाईलमध्ये शिरला.

भीमाचा हात थांबला. बायकोवर तोही काही कमी ओरडत नव्हता. पण हेच शब्द उद्या दिशाच्या वाट्याला येणार होते. त्याने अल्टरनेटर खोलला, आतले झिजलेले कार्बन ब्रश बदलले. लाईट, पंखा सगळे लावून पाहिले. आकडा चौदावर जाऊन बसला.

मुलाचे वडील हनुमंतराव खूष. “घरातच मिस्तरी! आता गॅरेजचं टेन्शन गेलं. मुलगी पसंत हाय आमाला. बैठक कधी घ्यायची, बोला.”

दारातून बायको ‘हो म्हणा’ म्हणून डोळ्यांनी खुणावत होती. दिशा बापाकडे बघत राहिली. भीमाने बोनेट लावले, फडक्याने हात पुसण्यात बराच वेळ काढला आणि आजवर मुलाच्या बापानेच म्हणायचे ते स्वतः म्हणाला.

“कळवतो आमी.”

हनुमंतराव तडक गाडीत जाऊन बसले. गाडी निघाली तेव्हा मागच्या सीटवरून लंकाबाईंनी दिशाकडे पाहून ‘बरं झालं’ अशी हळूच मान हलवली. मग पुढे वळून त्या मुलाच्या पाठीकडे बघत बसल्या.