मुक्ताईचं मत

महिपती सर आमदारकीला उभे राहिले तेव्हा मला हसूच आलं. धायरीच्या शाळेत आम्ही अठरा वर्षं शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं. मुख्याध्यापकांकडून खडू आणायलासुद्धा हा माणूस मला पुढे करायचा, आणि आता घरोघरी मतं मागायला निघाला होता, तोही अपक्ष! पण दोन हजार चार साल होतं. गावातली शेतं विकून झाली होती, त्यांवर सात-सात मजले चढले होते. वरच्या मजल्यांवरचे कॉम्प्युटरवाले विचारायचे, "सर, टँकर कधी बंद होणार?" आणि खालच्या गावठाणात निम्मे लोक सरांचे विद्यार्थी. तेवढ्या भरवशावर सरांनी नोकरी सोडली. मी नुकतीच निवृत्त झाले होते, त्यामुळे मतदान केंद्रावर बसवायला त्यांना आयती शालनबाई मिळाली.

प्रचारात सर एकच घर टाळत होते. का, ते मतदारयादी चाळताना कळलं. अनुक्रमांक एकशे सत्तेचाळीस, मुक्ताई दत्तोबा, स्त्री, वय तेवीस. मी ते नाव पुन्हा वाचलं.

मुक्ताई एक्क्याण्णव साली चौथीत होती, सरांच्या वर्गात. त्या दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. हजेरी कमी भरली की एक शिक्षक कमी होणार, आणि तो सरच असणार हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून सरांनी सकाळीच सगळा वर्ग हजर मांडून टाकला. साहेबांनी त्याखाली सही केली. संध्याकाळी मुक्ताईची आई, शकू, पोरीला शोधत आली तेव्हा सरांनी हजेरीची वही उघडून दाखवली. पोलिसांनाही तीच दाखवली.

घर आणि शाळा यांच्यामध्ये कालवा होता, त्यावर दोन फळ्यांचा पूल. पोरगी शाळेत पोचली म्हणजे कालवा तिने ओलांडलाच होता, असा सगळ्यांनी हिशेब केला. शाळेमागची टेकडी पाहिली, विहीर उपसली, संडासाची टाकीसुद्धा उघडली. कालव्यात कुणी पाहिलं नाही. त्या दिवशी चौथीच्या वर्गात मुक्ताईची जागा रिकामी होती. मी दारातून पाहिली होती. मी बोलले नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून शकू रोज अकराला शाळेच्या पायरीवर डबा ठेवून जायची. पोरगी शाळेत गेली आणि शाळेतून बाहेर आलीच नाही, मग ती आतच असणार, एवढं तिचं सरळ म्हणणं. चारला यायची, रिकामा डबा घेऊन जायची. कुत्री खातात, असं आम्ही म्हणायचो. कुत्र्यांना डब्याचं झाकण परत लावता येत नाही, हे मात्र कुणी बोलायचं नाही.

"नाव यादीत कुणी घातलं?" मी सरांना विचारलं.

"मीच. नव्याण्णवला यादीचं काम माझ्याकडे होतं. शकूनं सांगितलं, पोरगी अठराची झाली. घालत नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं."

एकच घर टाळलं तर लोक विचारतील, म्हणून मी त्यांना ओढतच शकूच्या घरी नेलं. दत्तोबा केव्हाच वारले होते. शकूने पाणी दिलं, चहा केला.

"मत देऊ की सर, दोघीबी देऊ," ती म्हणाली. "माझं घरातनं, तिचं शाळंतनं. पोरगी तुमच्याच ताब्यात हाय. घरी कवा धाडताय?"

सरांनी चहा तसाच खाली ठेवला.

मतदान शाळेतच होतं, चौथीच्या वर्गात. बाकं मागच्या भिंतीला लावून ठेवली होती. अधिकारी प्रत्येकाचं नाव मोठ्याने पुकारायचा, आम्ही उमेदवारांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत खूण करायचो. अकराच्या सुमाराला शकू आली. तिचं मत झालं, तरी ती टेबलापासून हलेना. तिने मुक्ताईच्या नावाची दुसरी चिठ्ठी पुढे केली. त्याच वेळी केंद्रांची फेरी मारत महिपती सर दारात आले.

"बाई, जिचं मत आहे तिनं यायला हवं," अधिकारी म्हणाला.

"ती हितंच हाय. तुमी हाक तर मारा."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. वाद नको म्हणून अधिकाऱ्याने वाचलं, "एकशे सत्तेचाळीस. मुक्ताई दत्तोबा."

मागच्या भिंतीपाशी एक बाक सरकलं. फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज झाला. नाव घेतल्यावर मूल उठून उभं राहतं, तेव्हा होतो तसा. मी बत्तीस वर्षं शिकवलंय, त्या आवाजात माझी चूक व्हायची नाही. तिथे कुणीही नव्हतं. खोलीतला पंखा फिरत होता, पण मला त्याचा वारा लागेना.

अधिकाऱ्याचा आवाज खाली आला. "हिला ओळखणारं कुणी आहे का?"

सगळे सरांकडे बघू लागले. सर मात्र त्या बाकाकडे बघत होते. रांगेत त्यांचेच विद्यार्थी उभे होते, पंधरा-वीस तरी. 'ती गावात नाही' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मलाही मनातून वाटलं, म्हणा आणि सुटा.

"ती त्या दिवशी आलीच नव्हती," सर म्हणाले. "मी खोटं मांडलं. शकूबाई, ती शाळेत आलीच नव्हती हो."

निवडणूक तिथेच संपली, हे त्यांनाही कळलं असणार. शकू रडेल, अंगावर धावून जाईल, असं मला वाटलं. तिने चिठ्ठीची नीट घडी घातली.

"म्हंजी कालवा वलांडलाच न्हवता तिनं," ती म्हणाली.

मग सरांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. गणित अडलं की पोरं विचारतात, तितक्याच साध्या आवाजात तिने विचारलं, "तेरा वर्सांत पानी कुटवर जातं वो, सर?"

ती पदर खोचून एकटीच कालव्याच्या वाटेला लागली.