समुद्रातला डोंगर आणि आमच्या घरातला अबोला

आमच्या घरात बापलेकीचा अबोला, आणि मधल्या मधे माझं मरण. सावेडीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, माणसं तीन, तरी सगळे निरोप माझ्या तोंडून जायचे. "जयमाला, तिला विचार, चहा घेणार का?" हे तिच्यासमोर बसूनच म्हणायचे. मग दीपा म्हणायची, "आई, पप्पांना सांग, अर्धा कप." दोघांचे कान धडधाकट, आणि माझ्या जिभेला फुकटची हमाली!

कारण काय, तर पोरगी दगडधोंड्यांचं शिकली आणि आता अंदमानच्या पलीकडं, जिथं माणूस राहत नाही अशा ज्वालामुखीच्या बेटावर जहाजानं निघाली. हे म्हणाले होते, "जाणार असशील तर माझ्याशी बोलू नकोस." तीही त्यांचीच लेक, बोलली नाही. उद्या सकाळी ती निघणार होती. अशीच न बोलता गेली तर?

दुपारी जेवणं झाली. पडदे ओढलेले, पंखा घरघरत होता. मी दिवाणावर कलंडले.

"विचार तिला," हे म्हणाले, "तो डोंगर आहे तरी केवढा?"

"आई, सांग त्यांना, दिसतो तो नुसता माथा. बाकी सगळा समुद्राच्या पोटात आहे."

"आणि झाला कसा म्हणावं?"

दीपाचा आवाज मऊ झाला. दगडाचं बोलताना तिचा तसा होतोच. "लाव्हा वाहतो, त्यावर राख पडते, परत लाव्हा, परत राख. थरावर थर चढत गेले. आपल्या नगरचा काळा खडकही लाव्हाचाच, पण तो जमिनीच्या भेगांतून लांबवर पसरला. हा वर वर चढला. मग जुन्या डोंगराचं डोकं खचलं, भोवतीचं कडं तेवढं उरलं. त्या कड्याच्या कुशीत नवा डोंगर वाढला."

"गप्प कधी असतो का?"

"दीडशेच्या वर वर्षं गप्प होता. लोकांना वाटलं, विझला. एक्क्याण्णव साली परत धुमसायला लागला."

"अगं बाई! म्हणजे आपल्याच घराण्यातला दिसतोय," मी डोळे मिटूनच म्हणाले.

मग माझा डोळा लागला. फरशी काळी आणि कोमट झाली, दिवाण पाण्यावर हलायला लागला. त्या बेटावर कुणीतरी कधीकाळी सोडलेल्या शेळ्या आहेत, असं दीपा सांगायची. त्या आमच्या स्वयंपाकघरातून राख तुडवत आल्या, आणि एकीनं माझा पदर तोंडात धरला. डोंगर आवाज न करता धूर सोडत होता. दीपा लहानपणीच्या फ्रॉकमध्ये, अनवाणी, वर चढत होती. मला हाक मारायची होती, पण निरोप कुणाच्या तोंडून पाठवू तेच सुचेना. झोपेतच मला रडू फुटलं.

जाग आली तर हे म्हणत होते, "जयमाला, तिला सांग, बेटावर उतरू नको. जहाजावरूनच बघ म्हणावं."

माझं डोकंच फिरलं. उठून बसले आणि म्हणाले, "दीपे, पप्पा म्हणतात, खुशाल जा. तू जग नाहीतर मर, आम्हाला त्याचं सोयरसुतक नाही!"

हे ताडकन उभे राहिले. "खोटं बोलते ही! दीपे, मी असं म्हणालो का? ऐकलंस ना तू?" हे सरळ तिच्याकडं वळले. "मला भीती वाटते गं, बाळा. माझ्या धाकट्या भावाला, अंगदला, पुणतांब्याला गोदावरीनं ओढून नेलं, तेव्हा मी काठावरच होतो. हाका मारत होतो. त्याला ऐकूच गेल्या नाहीत."

अंगद पुरात गेला हे मला ठाऊक होतं. हे काठावर होते, ते इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी सांगितलं नव्हतं.

दीपा उठली, त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः त्यांच्या पायाशी बसली.

"मला ऐकू येतंय, पप्पा," ती म्हणाली. "बोला तुम्ही."