खवल्यांचं फूल

जिताड्यात सगळ्यात चांगलं काय, असं ठाण्याच्या कोळीवाड्यात कुणालाही विचारा, डोकं म्हणतील, पोटाकडची पेटी म्हणतील. मंजुळा म्हणायची, खवले. बायका फिदीफिदी हसायच्या. हसोत बापड्या! त्यांनी खवले उकिरड्यावर टाकले आणि मंजुळानं त्यांची फुलं केली.

करायला तसं सोपं, पण वेळखाऊ. खवले सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, वास जाईस्तोवर धुवायचे, लिंबू चोळून पुन्हा धुवायचे. मग कापडाच्या रंगात बुडवून ओट्यावर उन्हात ठेवायचे. वर जुनं जाळं अंथरायचं, नाहीतर कावळे टपलेलेच. वाळले की कातरीनं पाकळीसारखे कापायचे, मखमलीच्या गोल तुकड्यावर एकाशेजारी एक टाचायचे, मधे मोत्याचा मणी, मागे पुठ्ठा आणि सेफ्टी पिन. पदराला लावलं की असं चमकायचं, की ठाण्याच्या बाजारातल्या काचेच्या पेटीतलं वाटावं.

पहिलं फूल तिनं लेकीसाठी केलं होतं, हेमासाठी, शाळेच्या गॅदरिंगला. एकुलती एक पोर. शिकली, कॉलेजात गेली आणि एक दिवस डोंबिवलीच्या दामल्यांच्या मुलाशी रजिस्टर लग्न करून हार घातलेली दारात उभी राहिली. बापानं, राघोनं, तोंडावर दार लावलं. ना पोरीला हळद लागली, ना ती कुणाच्या पाया पडली. मंजुळा आत चुलीपाशी बसून राहिली. तेव्हा उठून दार का उघडलं नाही, हे ती स्वतःला रोज विचारायची.

वर्ष उलटून गेलं आणि एका शनिवारी दुपारी हेमा एकटीच आली. माझ्याजवळचं फूल सासूबाईंना फार आवडलंय, म्हणाली. त्यांच्या भिशीतल्या बायकांनाही हवीत.

"करशील का गो आये?"

करशील का! मंजुळाचं काळीज सुपाएवढं झालं. त्या सोवळ्या घरातल्या बायका आपल्या हातचं खांद्यावर मिरवणार, आणि त्या निमित्तानं लेक येणार. तिला आणखी काय हवं होतं?

मग दर शनिवार ठरूनच गेला. हेमा ओट्यावर बसायची, चहा घ्यायची, आईसोबत पाकळ्या कापायची. जेवायला मात्र थांबायची नाही. "तोंडाला वास राहतो गो, तिकडं चालत नाय," म्हणायची. मंजुळा ऐकून घ्यायची आणि वाढलेलं ताट झाकून ठेवायची. पण बाईही काही कमी बेरकी नव्हती. सगळी फुलं एकदम हातात ठेवील तर शपथ!

"बाकीचे खवले अजून वाळले नाय गो. पुढल्या शनवारी ये."

अन् खवले डब्यात कधीचे कडकडीत वाळलेले असायचे.

राघो शनिवारी मुद्दाम बंदरावर जाऊन बसायचा. लेकीशी शब्द नाही. कारखान्यांच्या पाण्यानं खाडी नासली, जिताडा जाळ्यात यायचा बंद झाला, तरी हा माणूस बाजारातून कुठून कुठून खवले मागून आणायचा आणि कागदात गुंडाळून चुलीजवळ ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, "पडले व्हते, आणले." असला हट्टी!

मग एका शनिवारी हेमा आली नाही. पुढल्याही नाही, त्याच्या पुढल्याही नाही. मंजुळा दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून राहायची. शेवटी तिनं लुगडं सोडलं आणि हेमाची राहिलेली पाचवारी नेसली, लेकीला तिकडं कुणी बोलायला नको म्हणून. खांद्यावर सगळ्यात देखणं निळं फूल लावलं, तयार फुलांचा डबा पिशवीत घातला आणि डोंबिवलीला उतरून रामनगरात घर विचारत गेली.

दार उघडलं ते चष्मा लावलेल्या एका बाईनं. त्यांच्या पदरावर गुलाबी फूल होतं. मंजुळानंच केलेलं! तिला असं भरून आलं, की नाव सांगायचंही सुचेना.

त्या बाईंची नजर मात्र निळ्या फुलावर गेली होती. "अगंबाई! तुम्ही ब्रोचच्या क्लासच्या बाई ना? या, या, आत या. मी हेमाची सासू."

"क्लास?"

"अहो, दर शनिवारी ठाण्याला तुमच्याचकडे येते ना ती! हा बघा, तिनं केलेला. आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते मी. शिंपल्याचा का हो?"

"खाडीतलाच आहे," मंजुळा म्हणाली. बाजारात गिऱ्हाइकाशी बोलायची तीच शुद्ध भाषा तिनं कशीबशी तोंडात धरली.

खुर्चीवर टेकली आणि मग तिला सगळं उमगलं. भिशीही नाही आणि कुणाची मागणीही नाही. या घराला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही. पोरगी दोन्हीकडे खोटं बोलून तिच्याकडे येत होती. आणि आपण वेड्यासारखे वाळलेले खवले लपवत बसलो होतो! रडावं की हसावं तिला कळेना.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "क्लासला येणार कशी ती? दिवस गेलेत तिला. रोज सकाळपासून नुसत्या उलट्या." साखर ढवळता ढवळता त्या पुढं म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण हिला माहेर नाही हो. म्हणजे आहे, पण लग्नातच आम्ही सांगितलं, तिकडचा संबंध नको. आता सगळं मलाच बघायचं. तुम्हाला मुलं किती?"

"एकच मुलगी."

"कुठं दिलीत?"

"लांब," मंजुळा म्हणाली. ठाण्याहून डोंबिवली ती केवढीशी!

आवाज ऐकून हेमा आतल्या खोलीतून आली आणि चौकट धरून उभी राहिली. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. आईला बघून तिचं उरलंसुरलं रक्तही उतरलं.

मंजुळाच्या अगदी जिभेवर आलं होतं, मी हिची आई. एकदा बोलून टाकावं, लेकीला पोटाशी धरावं, तिचं तोंड पुसावं. पण बोलली असती तर त्याच क्षणी सगळे शनिवार गेले असते. तिनं चहाचा घोट घेतला. त्याच्याबरोबर ते शब्दही गिळले.

"हिचा हात चांगला आहे," ती सासूबाईंना म्हणाली. "अर्धवट सोडू नये. बसून करायचं काम, जड काही नाही. बरं वाटलं की पाठवा."

"अजून किती राहिलंय हो शिकायचं?"

"पुष्कळ. वर्षभर तरी." मंजुळानं कप बशीत ठेवला. "मूल झालं की त्याला घेऊन आली तरी चालेल. मी बघेन त्याच्याकडे. आमच्या क्लासात चालतं."

"देवमाणूस आहात हो तुम्ही!" सासूबाई खूश होऊन म्हणाल्या. मंजुळानं फुलांचा डबा टेबलावर ठेवला आणि ती निघायला उठली, तशा त्या सुनेकडे वळल्या. "हेमा, अगं बघत काय राहिलीस? गुरू घरी आल्यात. नमस्कार कर की."

हेमा पुढं आली आणि वाकली. लग्नाच्या दिवशी राहून गेलेली ती गोष्ट, सासूच्या हुकमानं आज होत होती. तिचे हात आईच्या पावलांवरून उठेनात. पायाच्या बोटांवर काहीतरी ऊन ऊन टपकलं. मंजुळानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून साठवलेलं किती काय काय बोलायचं होतं, त्यातलं एवढंच बाहेर आलं, "सुखी राहा."

मग दारात चपला सरकवताना ती म्हणाली, "शनिवारी ये हं. पाकळ्या अजून वाळल्या नाहीत."

हेमानं पदरानं डोळे टिपले.

"येते, बाई," ती म्हणाली.