चालण्याचा अनुभव

प्रयोगशाळेत त्याला सगळे बडबड्या म्हणत, ते उगाच नाही. हाडाची पूड करतानासुद्धा या गड्याचं तोंड चालूच. मास्क हनुवटीवर आणि गप्पा रंगात. काम तसं झकास होतं. जुन्या हाडांतून बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची खूण शोधायची आणि ती माणसं कुठून कुठे चालत गेली ते सांगायचं. पण त्याच्या बाबांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांचं बुटांचं दुकान. गिऱ्हाइकांना ते सांगत, "आमचे चिरंजीव दुकान सोडून हाडं उकरतात." बडबड्याला हे फार लागे.

अशात सात हजार वर्षांपूर्वीच्या एका हाडातली खूण त्याच्या स्वतःच्या खुणेशी तंतोतंत जुळली. म्हणजे चक्क पूर्वजच सापडला की. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंची वाट बघायला धीर कुणाला? त्याने तडक बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "एवढं चालला, पायात काय होतं रे त्याच्या?" त्यांनी मुलाच्या कामाबद्दल जन्मात पहिल्यांदा काही विचारलं होतं. गडी दिवसभर हवेत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद पाहिले. "सात हजार वर्षांत खुणेत थोडा तरी फरक पडायला नको? हा पूर्वज नाही, पुडीत उडालेली तुझी थुंकी आहे. मास्क कुठे होता?"

संध्याकाळी तो तोंड पाडून दुकानाशी पोचला, तर बाबा स्टुलावर चढून नवी पाटी रंगवत होते. 'चालण्याचा ७००० वर्षांचा अनुभव.' बडबड्याला वाटलं, असंच मागच्या मागे पळावं. पण त्याने डगमगणारं स्टूल धरलं आणि सगळं सांगून टाकलं.

बाबांचा ब्रश थांबला. "म्हणजे हाडात सापडलास तो तूच."

"हो."

"आणि तुझ्यातली ती खूण कुणाची?"

"तुमची. आजोबांची. त्यांच्याही बापाची."

"मग ते काय उडत आले?"

"नाही हो, चालतच. सत्तर हजार वर्षं तरी झाली असतील."

बाबांनी ब्रश रंगात बुडवला आणि पाटीवर आणखी एक शून्य दाटीवाटीने बसवलं.

"हा कोण, नवा नोकर?" बूट घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"आमचा मुलगा," बाबा वरून म्हणाले. "हाडं वाचतो. चुकला तर स्वतः येऊन सांगतो."

बडबड्याला बोलायला एक शब्द सुचला नाही. त्याने स्टूल तेवढं घट्ट धरून ठेवलं.