फळीचे दात आणि अबू मुनीफचा डोळा

"दात गेलेत हिचे. दुसरं काही नाही. म्हातारपणी सगळ्यांचेच जातात."

हे माझ्याविषयी चालले होते. बोलणारे होते मुअल्लिम लुत्फी, आमच्या साबणखान्याचे मालक. ते माझ्या पात्यांवरून अंगठा फिरवीत होते आणि मी भिंतीला टेकून ऐकत होते. म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही असे धरून लोक त्यांच्या तोंडावर बोलतात ना, फळ्यांच्या बाबतीतही तसेच असते.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. साबण कापायची फळी. अलेप्पोच्या जुन्या बाजारामागे आमचा साबणखाना आहे. एका सुताराने अक्रोडाच्या लाकडातून मला काढली आणि शेजारच्या लोहाराने माझ्या पोटाखाली ओळीने पाती बसवली. माझी ठेवण शेतातल्या कुळवासारखी. पुढे दोन दोर, दोर ओढायला दोन माणसे, आणि पाती खाली रुतावीत म्हणून माझ्यावर वजन म्हणून उभा राहणारा तिसरा माणूस.

आमचे काम हिवाळ्याचे. खाली मोठ्या कढईत ऑलिव्हचे तेल शिजते, शेवटी त्यात लॉरेलच्या फळांचे तेल पडते, आणि तो हिरवा लगदा वरच्या मजल्यावर जमिनीभर पसरला जातो. थंडीने तो आवळला की माझी पाळी येते. एकदा उभी, एकदा आडवी अशी मला ओढली की त्या हिरव्या शेताच्या वड्या होतात. मग त्यांच्यावर शिक्के बसतात, त्यांचे उंच मनोरे रचले जातात आणि सहा-आठ महिने वारा खाऊन त्या वरून सोनेरी होतात. तोपर्यंत मी पोत्यांखाली उंदरांच्या संगतीत पडलेली असते. उन्हाळ्यात माझी आठवण कुणाला येत नाही. त्याची तक्रार मी कधी केली नाही. लग्नातल्या मोठ्या पातेल्याचेही असेच होते.

माझे कौतुकही झालेले आहे. लुत्फींचे वडील एका वडीवर दुसरी ठेवून कोपरे बघत आणि म्हणत, "नमाजाच्या रांगेसारखी सरळ रेघ मारते ही." ते गेले. कौतुक करणारी माणसे आधी जातात असा माझा अनुभव आहे.

आता माझ्या माणसांविषयी सांगते. डाव्या दोराला अबू मुनीफ. उंच, वाळलेला, बोलायचे म्हणजे जणू दात काढून द्यायचा आहे असे बोलणारा. उजव्या दोराला नाजी, त्याच्याहून बराच लहान, तोंडाचा फटकळ. आणि माझ्यावर उभे राहणारे हाजी शुक्री. त्यांचे पोट आमच्या साबणखान्याची दौलत होते. मुअल्लिम सांगत, "पाती लोहाराची, पण धार हाजींच्या पोटाची." हाजी पोटावरून हात फिरवीत आणि म्हणत, "याला मी फुकट वाढवलेलं नाही, मुअल्लिम. याच्यावर माझ्या बायकोचे कष्ट आहेत."

बरीच वर्षे असे चांगले चालले. मग दोनेक हिवाळ्यांपूर्वी डावा दोर मला वेगळा लागू लागला.

दोर खोटे बोलत नाही. अबू मुनीफ चार पावले सरळ ओढी, पाचव्याला दोर सैल पडे, मग हिसका बसे. त्याचा एक हात दोरावर असे आणि दुसरा कंबरेच्या पट्ट्यात खुपसलेला, जांघेपाशी काहीतरी दाबून धरलेला. दुपारी बाकीचे हात धुवायला खाली गेले की तो मला आडवी करी, माझ्यावर पाठ टेकून झोपे, गुडघे वर घेई आणि दोन्ही हातांनी ते आत सारी. ते आत जाईपर्यंत छताकडे बघत राही. त्याच्या पाठीचे एकेक हाड मला ठाऊक झाले होते. खालून पावले वाजली की उठून शर्ट झटकी, जणू काय मला पुसायलाच बसला होता.

बाकीच्यांना काही दिसत नव्हते असे समजू नका. एका दोराची माणसे ती. पण दुखणे होते अशा जागी की पुरुषाने पुरुषाला विचारावे कसे, आणि सांगावे तरी कसे? तेव्हा प्रत्येकाने आपापल्या परीने गप्प राहून मदत सुरू केली. नाजी जास्त जोर लावू लागला. त्यामुळे मी उजवीकडे खेचली जाऊ लागले आणि रेघा तिरप्या निघू लागल्या. हाजींनी जेवण कमी केले. दुपारच्या किब्ब्यातला, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांतला, अर्धा वाटा ते नाजीकडे सरकवीत.

"काय हाजी, हज्जीणबाईंनी शिधा तोडला काय?" नाजी विचारी.

"दाढ दुखते रे."

"आठवडाभर दुखते?"

"माझी दाढ आहे, खय्यो, माझ्या भावा. तिला घाई नाही."

हाजी हलके होत गेले, तशी माझी पाती जमिनीपर्यंत पोहोचेनात. वड्या खालून चिकटून निघू लागल्या. तिरप्या तर होत्याच. मग मुअल्लिमांनी काय करावे? त्यांनी मला लोहाराकडे पाठवले. एकदा नव्हे, तीनदा. पाती घासून घासून त्याने माझ्या तोंडात सुया ठेवल्या. मी गरीब सगळ्यांच्या सोयीची पडले. माझे दात गेले म्हणणे सोपे होते. फळीला लाज नसते, बायको नसते, आणि तिच्या कमाईवर कुणाचे पोट नसते.

खरे सांगते, मला राग आला नाही. मी थकले होते. दोन हिवाळे दुसऱ्याचे दुखणे स्वतःच्या नावावर वागवून लाकूडसुद्धा थकते.

त्या दिवशी सकाळी मुअल्लिमांनी माझ्यावरून अंगठा फिरवला तो असा. नवी फळी सांगून ठेवलीच होती त्यांनी. "आजचा घाणा हिच्यावर काढू," ते म्हणाले, "मग जाऊ दे कढईखाली. अक्रोडाचं लाकूड आहे, छान जळेल."

सगळे चहाला बसले होते. अबू मुनीफने पेला खाली ठेवला. तो परत उचलला. मग म्हणाला, "मुअल्लिम, पुढच्या महिन्यात माझं जरा कमी येणं होईल."

"का? मुलीचं जमलं काय?" नाजीने विचारले.

"ऑपरेशन आहे."

हाजींनी तोंडातली साखर चघळायची थांबवली.

"कसलं?" मुअल्लिम म्हणाले.

अबू मुनीफने खिडकीकडे बघितले. "डोळ्याचं."

मित्रांनो, त्या एका शब्दावर तिन्ही माणसे कशी सैल झाली म्हणून सांगू. डोळा. डोळ्याविषयी चारचौघांत बोलता येते. नाजी म्हणाला, "डोळा होय! मग रेघा तिरप्या का जातात ते कळलं." हाजींनी घसा खाकरला आणि विचारले, "कुठला डोळा, अबू मुनीफ?"

"डावा."

"अल्लाह बरं करो. डावाच वाईट असतो."

"गाजरं खा," नाजीने सल्ला दिला. आणि दोघेही त्याच्या डोळ्यांकडे बघायचे टाळून आपापल्या पेल्यात बघू लागले.

मुअल्लिमांना मात्र ते खरेच वाटले. माणसाला जे हवे असते ते चटकन पटते. "डोळ्याचं काय एवढं," ते म्हणाले, "माझ्या मेहुण्याचं झालं, तिसऱ्या दिवशी पट्टी बांधून दुकानात बसला होता. तू फार तर आठवडा घे. हिवाळ्यातला सगळ्यात मोठा घाणा तेव्हाच उतरतोय. पट्टी बांधून ओढ की. डोळ्याने थोडंच ओढायचंय?"

आता आली पंचाईत. हर्निया म्हटले असते तर महिना-दोन महिने कुणी दोराला हात लावू दिला नसता. डोळा म्हणून बसला, आणि पदरात पडला एक आठवडा. टाके ओले असताना हाजींचे वजन ओढायचे म्हणजे काय होईल, ते मला कळत होते आणि त्यालाही. खोटे माणसाने स्वतःच सांगितले असले की ते त्याला बाहेर यायला वाट ठेवत नाही.

"हो, मुअल्लिम," अबू मुनीफ म्हणाला, आणि दोर घ्यायला उठला.

गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्या जुन्या वस्तू काहीतरी मागणे मागतात. मीही जपून ठेवले होते. पुढे मला बोलायला मिळेल न मिळेल, म्हणून ते इथेच सांगते. आम्हाला तेल लावा, ओलाव्यात टाकू नका, हे तर आहेच. पण घरातली एखादी वस्तू अचानक वाकडी चालू लागली, तर तिला लोहाराकडे धाडण्याआधी तिचा दोर ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे एकदा नीट बघा. बघूनही गप्प राहाल, तर ते दुखणे कुणाच्या ना कुणाच्या अंगावर निघणारच.

तर हाजी माझ्यावर चढले. नाजीने उजवा दोर खांद्यावर घेतला, अबू मुनीफने डावा. समोर हिरवा साबण पसरला होता, अजून कुणाचे पाऊल न पडलेला. मुअल्लिम दाराशी उभे राहिले. आम्ही निघालो.

अर्ध्यापर्यंत ठीक गेले. मग डावा दोर सैल पडला आणि पडलेलाच राहिला. अबू मुनीफ जागच्या जागी उभा होता, एक गुडघा वाकलेला, हात पट्ट्यात. त्याची मान घामाने भिजली होती, आणि बाहेर तर दहिवर पडले होते.

"बघितलंत?" दारातून मुअल्लिम म्हणाले. "अडकली. दातच गेलेत हिचे."

आमच्याकडे एक नियम आहे. रेघ अर्धी असताना फळीवरून उतरायचे नाही. ओढणाऱ्यांच्या पायांना रुंद पाट बांधलेले असतात, वर उभ्या राहणाऱ्याच्या नाही; ओल्या साबणावर त्याची पावले उमटतात, आणि तेवढ्या वड्या वाया जातात. हाजी शुक्रींनी इतक्या वर्षांत तो कधी मोडला नव्हता. ते आता उतरले. आधी उजवा पाय, मग डावा. दोन्ही पाय घोट्यापर्यंत रुतले. माझ्यावरचा भार गेला आणि मी हलकीच वर उचलली गेले.

"हाजी, साबण!" मुअल्लिम म्हणाले.

"असू दे साबण. तो माझ्याच पगारातून धुऊन काढा." हाजी साबणातून चालत अबू मुनीफपाशी गेले. त्याच्या हातातला दोर त्यांनी काढून घेतला. "मुअल्लिम, फळीला काही झालेलं नाही. डोळ्यालाही नाही. माझ्या दाढेलाही नाही, ते एक सांगून टाकतो, मला उपाशी राहून चक्कर येते हल्ली. याला हर्निया आहे. दोन वर्षं मी वर उभा राहून याची पाठ बघतोय आणि खाली उतरत नाही."

नाजी जमिनीकडे बघत म्हणाला, "मलाही माहीत होतं."

मुअल्लिमांनी साबणात उमटलेल्या हाजींच्या पावलांकडे बघितले. मग, "आधी सांगायचं ना, माणसा," असे हळूच म्हणाले, पण ते कुणाला म्हणाले ते नीट कळले नाही. "बरं. महिना घे. दोन घे. बरा हो, मग ये. तुझा दोर कुठे जात नाही."

"हो ना," नाजी घाईने म्हणाला, "उन्हाळ्यात आराम, पुढच्या हिवाळ्यात पहिल्यासारखा ओढशील."

"पहिल्यासारखा," हाजीही म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता.

अबू मुनीफने पट्ट्यातला हात बाहेर काढला. तो माझ्यावर बसला, दुपारी सगळे खाली गेल्यावर माझाच आधार घेई तसा, पण या वेळी सगळ्यांच्या देखत.

"नाही, मुअल्लिम," तो म्हणाला. "ऑपरेशन झाल्यावरही मी ओढायला येणार नाही. वड्या रचेन, शिक्के मारेन, जे द्याल ते. पण ओढणं आता माझ्याच्यानं होत नाही."