पांढऱ्या किनारीचा दुसरा फोटो

फ्रिजमध्ये आमरसाच्या पातेल्यामागे एक पाकीट. जबड्यावर डॉक्टरांनी निळ्या पेनाने ओढलेली रेघ. हळदीने पिवळं झालेलं बोट. कुरियरवाल्याची घामाने भिजलेली पाठ.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मित्रांनो, संबंध माझ्याशी आहे. मी जुना कॅमेरा आहे. फोटो काढून तिथल्या तिथे हातात देणाऱ्या जातीचा.

मंदाकिनीबाईंच्या भावाने मला परदेशातून आणलं. तेव्हा त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं, दिगंबररावांचं, बिऱ्हाड भोपाळला तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतं. नागपूरहून ऑफिसबरोबर आलेली कुटुंबं आजूबाजूला. बारसं असो, गणपती असो, मला बोलावणं यायचं. फोटो बाहेर पडताना मी घर्र करायचो आणि मुलं हसायची. फोटो हवेत हलवला की लवकर उमटतो, अशी मोठ्यांची समजूत होती. तसं काही नसतं. पण तेव्हाची फिल्म सोशिक होती. हलवा, उन्हात धरा, ती आपलं काम करायची.

मंदाकिनीबाईंचा एक फोटो मी क्वार्टरच्या दारात काढला. आज तो अयोध्या नगरच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर आहे. त्याला हार आहे.

पुढे माझी फिल्म बनवणं बंद झालं. मी कपाटावर गेलो, बिघडलेल्या इस्त्रीशेजारी. मला कोणी टाकून दिलं नाही. माणसं यालाच जपणं म्हणतात.

मग दूरदेशीच्या काही हौशी लोकांनी फिल्म पुन्हा सुरू केली. जुनी रसायनं मिळेनात, म्हणून नवी जुळवली. पूर्वी एका पाकिटात दहा फोटो निघायचे, आता आठ. नवी फिल्म थंडीत निळसर पडते, उन्हाळ्यात पिवळी. बाहेर आली की तिला उजेड सोसत नाही. पालथी घालून झाकून ठेवावी लागते. भोपाळच्या मे महिन्यात अशी फिल्म म्हणजे थट्टाच.

ती थट्टा दिगंबररावांच्या मुलीने, रसिकाने, विकत घेतली.

दिगंबररावांच्या जबड्यात गाठ निघाली होती. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा जाणार होता. रसिकाच्या फोनमध्ये त्यांचे ढीगभर फोटो होते, पण ते त्यांना नको होते. "तुझ्या आईशेजारी लावायचाय," ते म्हणाले. "तसाच पाहिजे, पांढऱ्या किनारीचा. आणि याच तोंडाचा."

एका पाकिटाच्या पैशात त्या घरी महिन्याचं दूध येतं. शिवाय ते आलं उन्हात तापलेल्या गाडीतून. रसिकाने कुरियरवाल्याला दोन शब्द सुनावले, तर तो म्हणाला, "मैडम, हम कुल्फी थोड़े ही लाते हैं."

तिने पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं आणि मला पुसलं. आतले रूळ ओल्या फडक्याने साफ केले. तरी पहिल्या फोटोवर रेघा आल्या. एक तर माझ्या तोंडातच अडकला. कुठे गच्चीचा कठडा आमरसासारखा पिवळा, कुठे नुसता पांढरा धूर. मी इतकी वर्षं उपाशी होतो आणि आता मला पचत नव्हतं. होता होता एकच फिल्म उरली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

दिगंबररावांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि ते खिडकीपाशी बसले. कूलर पूर्ण वेगात होता.

"बाबा, बोलू नका ना, हलतंय."

"आत्ता बोलू दे बेटा. उद्यापासून तुला शांतताच आहे."

रसिका हसली नाही. तिने बटण दाबलं. फोटो बाहेर आला, तो तिने लगेच स्टीलच्या ताटाखाली पालथा घातला. का, ते सांगितलं नाही. त्यांना कशाला त्रास, असं तिला वाटलं असावं. तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला आणि ती गॅलरीत गेली.

त्या घरात नवीन काहीही आलं की आधी देवापुढे जातं. पगाराचं पाकीट गेलं, आंब्याची पेटी गेली, स्कूटीला तर दारातच ओवाळलं. दिगंबररावांनी ताट उचललं. फोटो देव्हाऱ्यात निरांजनाला टेकवून उभा केला, कोपऱ्यावर हळदीचं बोट लावलं आणि डोळे मिटले.

मित्रांनो, चेहरा उमटू लागला होता. मी टेबलावरून पाहिला. मग ज्योतीच्या धगीने तो केशरी झाला, फुगला आणि हनुवटीपासून वर विरघळत गेला.

रसिका आत आली. तिने आधी देव्हारा पाहिला, मग मिटलेले डोळे. त्यांनी ते उघडल्यावर ती म्हणाली, "फिल्मच खराब निघाली, बाबा."

"नाही, डबाच गेलाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.



आता दिगंबरराव तोंडावर रुमाल धरून पातळ खिमट खातात. रसिकाने एकदा विचारलं, नवीन पाकीट मागवू का? त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी पुन्हा कपाटावर आहे.

मला पुसू नका, कपड्यात गुंडाळू नका. एवढंच करा. नाजूक वस्तू घरात आणलीत, तर ती कशी सांभाळायची हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. ज्याला सांगून काय उपयोग असं वाटतं, त्याला सगळ्यांच्या आधी.

मंदाकिनीबाईंचा फोटो काढला त्या दुपारी माझ्या पोटात आणखी एक फिल्म शिल्लक होती. आता तुमचा, म्हणून त्यांनी मला दिगंबररावांकडे वळवलं, तेव्हा ते म्हणाले होते, राहू दे, फार महाग असते.